आधी हवा, मग मोटर

फेब्रुवारीत नंदेसरीच्या एका कारखान्यातून आमच्या मॅन्युअलचे एक पान परत आले. मी वडोदऱ्यात, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या लेखन विभागाची प्रमुख आहे. पंप कसा बसवावा, कसा सुरू करावा, कसा उघडावा हे लिहिणारी आम्ही सात माणसे आहोत. पान आले ते एका तक्रारीच्या अहवालाला टाचून. जळालेल्या मेकॅनिकल सीलचा, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीची गळती थांबवणाऱ्या भागाचा फोटो, ग्राहकाचे पत्र, आमच्या सर्व्हिस इंजिनिअरचा शेरा आणि त्यामागे हे पान, चार घड्या पडलेले, ग्रीसचा वास येणारे, खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा काळा ठसा असलेले. पंप सुरू करण्याच्या सातव्या पायरीत, वाक्याच्या उत्तरार्धाभोवती कोणीतरी पेन्सिलीने वर्तुळ काढले होते. त्या वर्तुळातून एक बाण निघून वाक्याच्या सुरुवातीला गेला होता आणि बाणाच्या टोकाशी गुजराती अक्षरांत एकच शब्द लिहिला होता, ‘पहेलां’. म्हणजे आधी.

मूळ वाक्य इंग्रजीत होते. ‘स्टार्ट द मोटर आफ्टर एनशुअरिंग दॅट द केसिंग इज कम्प्लीटली व्हेंटेड.’ अकरा शब्दांचे, व्याकरणात निर्दोष वाक्य. केसिंगमध्ये, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचात, हवा अडकलेली असताना पंप फिरवला की सीलपर्यंत पाणी पोहोचत नाही. सीलच्या दोन चकत्या, एक कार्बनची आणि एक सिलिकॉन कार्बाइडची, एकमेकींना लागून असतात, त्यांतली एक फिरते, दुसरी स्थिर राहते, आणि त्यांच्यामध्ये द्रवाचा अतिशय पातळ थर असतो म्हणूनच त्या टिकतात. तो थर नसेल तर थोड्याच वेळात त्या इतक्या तापतात की तडकतात. नंदेसरीत नेमके तेच झाले होते. ऑपरेटरने एका हातात पान धरले, पहिले तीन शब्द वाचले आणि दुसऱ्या हाताने हिरवे बटण दाबले. वाक्याचा उरलेला भाग त्याने मोटरचा आवाज कानावर पडत असताना वाचला असणार. सर्व्हिस इंजिनिअरचा शेरा असा होता की सूचना मॅन्युअलमध्ये दिलेली आहे, ऑपरेटरने ती पाळली नाही, चूक वापरणाऱ्याची आहे. त्या शेऱ्यात खोटे काहीही नव्हते. माझ्या सहीने तो अहवाल दुपारपर्यंत बंद होऊ शकला असता.

मी सही केली नाही, आणि पान पिशवीत घालून घरी आणले.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून, मी ते वाक्य सहज मराठीत म्हणून पाहिले. ‘केसिंगमधली हवा पूर्ण काढून मग मोटर सुरू करा.’ मराठीत ते आपोआप उलटे झाले, किंवा खरे म्हणजे सुलटे झाले. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते, आणि आधीची कृती ‘काढून’, ‘उघडून’, ‘तपासून’ अशा रूपाने त्याच्याही आधी येऊन उभी राहते. ‘हात धुऊन जेवायला बस’ असेच आपण मुलांना सांगतो. ‘जेवायला बस, हात धुतल्याची खात्री केल्यानंतर’ असे कोणतीही आई म्हणणार नाही. गुजरातीतही ‘हवा काढीने’ आधी आणि ‘मोटर चालू करो’ नंतर. त्या ऑपरेटरला इंग्रजी कळत नव्हते असे नव्हे. तो शब्दामागून शब्द, डावीकडून उजवीकडे, आपल्या भाषेत आणत होता आणि जे हाती येईल ते करत होता. त्याचा बाण म्हणजे केलेल्या चुकीची सबब नव्हती. ती एक दुरुस्ती होती, आणि माझ्या विभागातून त्या पानावर तोवर झालेल्या सगळ्या दुरुस्त्यांहून ती अधिक अचूक होती.

त्या रात्री मला बाबांची फार आठवण आली. बाबा कलाभवनात वर्कशॉप इन्स्ट्रक्टर होते. कलाभवन सयाजीराव महाराजांनी 1890 साली सुरू केले आणि त्याची घडी त्रिभुवनदास गज्जरांनी बसवली. हुन्नराचे शिक्षण मुलांना त्यांच्या भाषेतून मिळावे असा गज्जरांचा आग्रह होता. पुढे कलाभवन विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र शाखेत सामावले गेले आणि शिकवणे इंग्रजीत आले, पण लेथसमोर उभे राहिल्यावर बाबा मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषा एका दमात बोलत. लहानपणी शनिवारी मी त्यांच्याबरोबर जात असे. लोखंडाच्या किसाचा आणि कूलंटचा तो दुधट, आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे. लेथचा चक, म्हणजे लोखंडाचा तुकडा पकडून फिरवणारा भाग, आवळायला जी चावी असते, ती चकातच राहिली आणि मशीन सुरू झाले तर ती गोळीसारखी सुटते. बाबांनी याबद्दलची पाटी कधी लावली नाही. मशीन सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाने चावी उजव्या हातात उंच धरून ‘चावी हातात’ असे मोठ्याने म्हणायचे, मग ती टेबलावर ठेवायची आणि त्याच मोकळ्या झालेल्या हाताने खटका दाबायचा, असा त्यांचा नियम होता. ज्या हाताने खटका दाबायचा तो हात आधी चावीने अडवलेला असे, त्यामुळे क्रम चुकणे शक्यच नव्हते. मला तेव्हा ती मुलांची कवायत वाटायची. इतकी वर्षे सूचना लिहिण्याचे काम करूनही तो क्रम किती विचाराने रचलेला होता हे माझ्या लक्षात आले नव्हते, याचे त्या रात्री मला वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी मी त्या मॅन्युअलची जुनी फाइल उघडली. सातवी पायरी कोणी लिहिली ते पाहावे, आणि ज्याने लिहिली त्याच्याशी शांतपणे बोलावे, एवढाच हेतू होता. आमच्याकडे प्रत्येक ड्राफ्टमधले बदल नावानिशी आणि तारखेनिशी जपलेले असतात. पहिला ड्राफ्ट आमच्या गटातल्या सर्वांत तरुण मुलीचा होता, ती रुजू होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. तिच्या ड्राफ्टमध्ये सहावी पायरी वेगळी होती. केसिंगच्या माथ्यावरचा व्हेंट प्लग सैल करा, बुडबुडे थांबून पाण्याची अखंड धार येईपर्यंत थांबा, प्लग आवळा. आणि सातव्या पायरीत फक्त तीन शब्द, स्टार्ट द मोटर. त्या दोन पायऱ्यांवर लाल रेघ मारून, त्यांचे एक वाक्य करून, समासात ‘अनावश्यक विस्तार, भाषा बाळबोध’ असा शेरा लिहिणारी मी होते.

तिने हवा आधी काढली होती. ती मोटरच्या मागे मी नेऊन ठेवली.

मी तिला बोलावून फाइल दाखवली आणि नंदेसरीचे पान तिच्यापुढे ठेवले. तिने ते बराच वेळ पाहिले. त्या पायऱ्या तिने टेस्ट बेडवर, म्हणजे पंप चालवून तपासण्याच्या जागी, उभी राहून, तिथल्या फिटरला विचारून लिहिल्या होत्या, हे मला तिच्याकडून तेव्हा पहिल्यांदा कळले. ‘मग मी बदलल्यावर तू काही बोलली का नाहीस?’ असे मी विचारले. ती म्हणाली, ‘मॅडम, मला वाटलं, चांगलं लिहिणं म्हणजे असंच असतं. त्यानंतर मी सगळ्या मॅन्युअलमध्ये तसंच लिहायला लागले.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती जे झाले ते सांगत होती, आणि म्हणूनच ते ऐकणे मला फार जड गेले. एक सील बदलता येतो. त्या वाक्यानंतर तिने लिहिलेली नऊ मॅन्युअले मात्र बाहेर गेली होती, आणि त्यातले प्रत्येक वाक्य माझ्या पसंतीला उतरावे म्हणून घडवलेले होते.

विभागप्रमुख म्हणून मी अकरा वर्षे जे करत आले त्याकडे मला पुन्हा पाहावे लागले. माझ्याकडे आलेला प्रत्येक मजकूर मी तपासत असे, आणि तपासणे म्हणजे माझ्या कानाला बरा लागेल असा करणे. मला दोन लहान वाक्यांपेक्षा एक सलग वाक्य आवडते, एकच शब्द लागोपाठ आला की मला खटकतो. हे संस्कार वाईट नाहीत, शाळेत निबंधाच्या वहीवर ते उपयोगी पडले आणि आज हा लेख लिहितानाही मी ते सोडलेले नाहीत. पंपाशेजारी उभ्या असलेल्या, कानात आवाज आणि हाताला तेल असलेल्या माणसाला मात्र त्यांचा त्रास होतो. माझ्या लाल रेघांमधून बाकीच्या सहा जणांनी माझी आवड पाठ केली होती. ड्राफ्ट माझ्याकडे येण्याआधीच ‘हे मॅडमना चालणार नाही’ असे ते आपसांत ठरवू लागले होते, आणि त्यामुळे माझ्या दुरुस्त्या वर्षागणिक कमी होत गेल्या. विभागाचे लेखन सुधारत असल्याची ती खूण आहे, असे मी वरिष्ठांना अभिमानाने सांगत आले होते.

नियमांची आमच्याकडे वाण नव्हती. विमानांच्या देखभालीसाठी युरोपातल्या विमान उद्योगाने 1980च्या दशकात सोप्या तांत्रिक इंग्रजीची जी नियमावली रचली, तिचा तक्ता माझ्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर होता. कृती सांगणारे वाक्य जास्तीत जास्त वीस शब्दांचे, माहिती देणारे पंचवीस शब्दांचे, एका शब्दाला एकच अर्थ, एका वाक्यात एकच सूचना. तो तक्ता मी आणला तेव्हा सर्वांनी मन लावून शब्द मोजायला सुरुवात केली होती. वाक्ये आखूड झाली, आणि मी अकरा शब्दांचे वाक्य लिहून स्वतःवर खूश झाले, कारण मोजता येणारा नियम पाळला गेला होता आणि त्याच तक्त्यावरचा ‘एका वाक्यात एकच सूचना’ हा नियम मी डोळ्यांसमोर असून मोडला होता. धोक्याच्या शब्दांचेही तसेच. अमेरिकी मानकाप्रमाणे ‘डेंजर’ म्हणजे टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, ‘वॉर्निंग’ म्हणजे होऊ शकते, ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा, आणि माणसाला इजा नसून केवळ वस्तूचे नुकसान असेल तर ‘नोटिस’. आमच्या एका मॅन्युअलच्या एकाच पानावर ‘कॉशन’ हा शब्द सात वेळा होता आणि त्यातले पाच केवळ पंप जपण्यासाठी होते. इतक्या वेळा हाक मारल्यावर कोण मान वर करून पाहणार?

मार्चपासून आम्ही एक गोष्ट बदलली. कृतीची कोणतीही पायरी इंग्रजीत लिहिण्याआधी ती आपापल्या घरच्या भाषेत, मशीनसमोर उभे राहून, मोठ्याने सांगायची. आमच्यात तिघे मराठी, तिघे गुजराती आणि एक हिंदी बोलणारी आहे. जो सांगतो त्याने हात मागे बांधायचे. शेजारी टेस्ट बेडवरचा फिटर उभा राहतो आणि जे कानावर पडेल तेवढेच, ते पडेल त्याच क्षणी करतो, स्वतःची अक्कल वापरायची नाही असे त्याला बजावलेले असते. पहिल्या दिवशी आमच्या एका सहकाऱ्याने ‘सक्शनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून’ म्हटले, फिटरने उघडला, ‘डिलिव्हरीचा बंद आहे हे पाहून’ म्हटले, फिटरने पाहिले, आणि मग तो फिटर नुसता उभा राहिला, कारण पुढे काय हे सांगणाऱ्यालाच आठवत नव्हते. दोन वर्षे तो सहकारी हीच पायरी एका मॅन्युअलमधून दुसऱ्यात उचलून ठेवत आला होता. कोणी हसले नाही. सगळ्यांना आपापली अशी पाने आठवली असावीत.

आपल्या भाषेचा क्रम सगळीकडे कामाला येतो असेही नाही, हेही तिथेच कळले. ‘पंप चालू असताना कपलिंगवरचे गार्ड काढू नका’ या वाक्यात (गार्ड म्हणजे मोटर आणि पंप यांच्या फिरत्या जोडावरचे संरक्षक झाकण) ‘नका’ अगदी शेवटी आहे. फिटरने ‘गार्ड’ हा शब्द ऐकला आणि त्याचा पाना बोल्टपर्यंत गेला. पंप अर्थातच बंद ठेवला होता, तरीही माझ्या पोटात गोळा आला. मनाई करताना इंग्रजीचा ‘डू नॉट’ आधी येतो आणि हात वेळेवर थांबतो. तेव्हापासून मराठी, गुजराती आणि हिंदी पत्रकांत मनाईच्या वाक्याआधी ‘हात लावू नका’ एवढे स्वतंत्रपणे, ठळक अक्षरांत येते आणि मग कशाला ते येते. एक भाषा दुसरीपेक्षा सोयीची असे मी म्हणणार नाही, पण दोन्ही जवळ असलेल्या माणसांनी फक्त एकीतच विचार करावा हे मला आता नुकसानीचे वाटते.

नावांचा घोळ मात्र कोणत्याही भाषेत सुटत नव्हता. एकाच झडपेला आमच्या मॅन्युअलांमध्ये ‘आयसोलेशन व्हॉल्व्ह’, ‘शट-ऑफ व्हॉल्व्ह’, ‘स्टॉप व्हॉल्व्ह’ आणि ‘सक्शन व्हॉल्व्ह’ अशी चार नावे होती, आणि स्टोअरमध्ये तिला नुसते ‘गेट’ म्हणत. हे वडोदऱ्यात व्हावे याचे मला विशेष वाटले. याच शहरात 1931 साली ‘श्री सयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश सिद्ध झाला. त्यात इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, हिंदी, बंगाली, संस्कृत, उर्दू आणि फारसी प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. एका संस्थानाने आपल्या कचेऱ्यांत कोणता शब्द चालवायचा हे ठरवण्यासाठी सात भाषांची दारे ठोठावली होती, आणि आम्हाला एका झडपेचे नाव ठरवताना स्टोअरकीपरला विचारणे सुचले नव्हते. आता आमचा शब्दकोश एका साध्या तक्त्यात आहे. पहिल्या रकान्यात मॅन्युअलमधला शब्द, दुसऱ्यात तो नेमका कशाला म्हणायचा ते, तिसऱ्यात कारखान्यात बोलला जाणारा शब्द, चौथ्यात वापरू नये असे शब्द. तिसरा रकाना भरायला सर्वांत जास्त दिवस लागले आणि लेखकांना सर्वांत जास्त माणसे त्यासाठीच भेटावी लागली.

आमच्यातल्या एकीने संस्कृतात एम. ए. केले आहे. ड्राफ्टमधले बदल जपले जातात पण कारण जपले जात नाही, ही अडचण मी मांडली तेव्हा तिने वडोदऱ्यातल्या प्राच्यविद्या मंदिराचे, जुन्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्या संस्थेचे, नाव काढले. वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती त्या संस्थेने 1960 ते 1975 या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. निरनिराळ्या प्रांतांतल्या आणि लिप्यांतल्या हस्तलिखितांतले पाठभेद प्रत्येक पानाच्या तळाशी नोंदवलेले, वरचा पाठ निवडणाऱ्याने खालचे पाठ पुसलेले नाहीत. तिची सूचना अशी होती की प्रमुखाने वाक्य बदलले तर जुने वाक्य खाली दिसत राहावे आणि का बदलले ते एका ओळीत लिहिणे प्रमुखावर बंधनकारक असावे. ‘बाळबोध’ हे कारण चालणार नाही, वाचणाऱ्याला कुठे अडेल ते लिहायचे. हा नियम सर्वांत जास्त मला जाचतो. पुष्कळदा कारण लिहायला घेते आणि लिहिण्यासारखे काही नसते, मग बदल मागे घेते.

डिझाइनच्या इंजिनिअरांकडून होणारी तपासणी हे आणखी एक जुने दुखणे. शंभर पानांचे मॅन्युअल ‘कृपया तपासून द्यावे’ म्हणून पाठवले की दोन दिवसांनी ‘ओके’ असे उत्तर येई, आणि त्याचा मला राग येत असे. आता आम्ही सहा-सात प्रश्न पाठवतो. पान चौदावर व्हेंट प्लग सैल असताना मोटर सुरू झाली तर काय होईल? पायरी नऊ आणि दहा उलट केल्या तर चालतील का? उत्तरे सविस्तर येतात, कधी इंजिनिअर स्वतः उठून येतो.

सगळे सुरळीत झाले असे नाही. आमचे सर्वांत अनुभवी सहकारी टेस्ट बेडवर यायला नाखूश आहेत. वीस वर्षे लिहिल्यावर फिटरपुढे परीक्षा द्यावी लागते याचा त्यांना अपमान वाटतो, आणि मला त्यांचे दुःख कळते. त्यांची इंग्रजी आमच्या सर्वांहून सुंदर आहे, नव्या मुलांना ती ऐकून काही मिळत होते आणि आता ते कमी मिळते. त्यांना पंपाचे काम कसे चालते हे सांगणारी प्रकरणे दिली आहेत, तिथे लांब वाक्य शोभते आणि लागतेही. ते ती मन लावून लिहितात. तरी चहाच्या वेळी ते पूर्वीसारखे आमच्यात बसत नाहीत.

पाऊस सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, नवे पान घेऊन मी नंदेसरीला गेले. बरोबर ती मुलगी होती. तो ऑपरेटर पन्नाशीचा, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला असा निघाला. बाण त्याचाच होता का असे विचारल्यावर तो आधी घाबरला. आमची तक्रार नाही, आभार मानायला आलो आहोत, हे त्याला पटायला वेळ लागला. मग तो म्हणाला, ‘बेन, में तो खाली निशानी करी हती.’ मी फक्त खूण केली होती. नवे पान त्याने पिंपावर ठेवले, कोपऱ्यावर पाना दाबून. तर्जनी ओळीखाली सरकवत, ओठ हलवत त्याने वाचायला सुरुवात केली. सहाव्या पायरीपाशी बोट थांबले आणि दुसरा हात केसिंगच्या माथ्यावर गेला. प्लग सैल झाला, हवा फुसफुसत निघाली, मग थुंकल्यासारखे पाणी, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांविना एक बारीक, सलग धार त्याच्या मनगटावरून खाली वाहू लागली. ती मुलगी श्वास रोखून पाहत होती. त्याने प्लग आवळला, मनगट पँटला पुसले आणि बोट सातव्या ओळीवर आणले. ‘हवे,’ तो स्वतःशीच म्हणाला. गुजरातीत त्याचा अर्थ ‘आता’ असा होतो.